लाफ्लर घराण्याचा कागद

शिवानीने मॉन्ट्रियलहून कागद पाठवला होता, तो तिच्या बापाने, महांतेशने आठवड्यापूर्वी पंचाक्षरीआप्पांच्या हाती दिला. पोरगी कंप्युटरच्या नोकरीवर कॅनडात गेली आणि दोन वर्षांत तिथल्या एतियेन लाफ्लरशी लग्न करते म्हणाली, तेव्हा बापाने एकच विचारलं होतं: पोराचं कूळ काय? तिने दहा पिढ्यांची वंशावळच धाडली. चर्चच्या दप्तरांतून काढलेली, सगळी फ्रेंचमध्ये.

आप्पा महांतेशचे थोरले चुलतभाऊ, निवृत्त मास्तर. हैदराबादेला कॉलेजात असताना वर्षभर फ्रेंच शिकले होते. आपल्याला काही येतं असं त्यांनी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं, पण महांतेशला ठाऊक होतं. कापडाच्या दुकानात, चारचौघांसमोर त्याने कागद उलगडला. आप्पांनी घाईघाईने खालच्या दोन ओळी वाचल्या. एतियेनच्या बापाचं आडनाव लाफ्लर, आईचं त्रांब्ले. लग्नाची तारीख कुठे नाही.

"दोघांचं लग्न झालेलं दिसत नाही," ते बोलून गेले.

संध्याकाळपर्यंत ती गोष्ट गल्लीभर झाली. रविवारी पोरीचा फोन आला की साफ नाही म्हणायचं, असं महांतेशने ठरवून टाकलं.

आप्पांना मात्र झोप लागेना. रविवारी दुपारी फ्रेंचचा शब्दकोश घेऊन ते पहिल्यापासून कागद वाचायला बसले. तासाभराने त्यांचे कान गरम झाले. चप्पल अडकवून, कागद घेऊन ते महांतेशच्या घरी गेले आणि दारातच उभे राहिले.

"महांतेश, चूक माझी आहे. त्यांच्या दप्तरात बाईचं नाव मरेपर्यंत माहेरचंच राहतं. दहाच्या दहा पिढ्यांत नवरा-बायकोची आडनावं वेगळी आहेत. वरच्या नऊ जोड्यांच्या लग्नाच्या तारखा आहेत. जिवंत माणसांच्या तारखा त्यांनी छापलेल्याच नाहीत."

"मंग त्या दिवशी कावून न्हाई सांगितलं?"

"पूर्ण वाचलंच नव्हतं."

महांतेशने कपाळावर हात मारला. "मास्तर हायेत म्हणे! आन् वरती आडनाव बूशे, खाली लाफ्लर. ही काय लबाडी हाय?"

"पूर्वज फौजेत होता, तिथं लाफ्लर नाव पडलं. बूशे उर्फ लाफ्लर. पुढे उर्फच उरलं. आपलं आडनाव तरी मूळचं कोरेच ना? पणजोबा उमापूरहून बीडात आले आणि उमापुरे झाले."

"आन् मधल्या पिढीतल्या ह्या सात बहिणी, सगळ्या मारी? बिस्किटावानी?"

"ते चर्चपुरतं. मुलगी असली की मारी, मुलगा असला की जोसेफ. हाकेचं नाव शेवटी असतं. आपल्यात नाही का, पाळण्यातलं एक आणि हाकेचं एक?"

दारामागे उभी असलेली त्याची बायको रुद्राणी पुढे आली.

"भावजी, म्हंजे तिथल्या बायांचं नाव लग्नात बदलत न्हाई?"

"नाही."

"माझं केशर होतं. मांडवात बसले तवा केशर, उठले तवा रुद्राणी. मला कुणी इचारलं बी न्हाई." ती नवऱ्याकडे वळली. "शिवानी शिवानीच ऱ्हाईल. ह्यात तुमाला वाईट काय दिसतंय?"

"लोकात काय सांगू मी? आठ दिवस झाले, गावभर झालंय."

"लोकांना मी सांगतो," आप्पा म्हणाले. हे वाक्य आपल्याच तोंडून निघालं यावर त्यांचा विश्वास बसेना. "दुकानात, त्याच चौघांसमोर. माझं चुकलं म्हणून."

महांतेश त्यांच्याकडे बघत राहिला. आप्पांना चारचौघांत साधा चहा मागता येत नसे, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

सात वाजता फोन वाजला. महांतेशने उचलला, घसा खाकरला.

"शिवानी, आप्पांनी कागद वाचला सगळा. घरंदाज माणसं हायेत म्हणे. दिवाळीत या दोघंबी. त्याच्या आईला संग आण. आडनाव असू दे काय असायचं ते."

रुद्राणीने त्याच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला. आप्पा उठले आणि दुकानाच्या दिशेने चालू लागले. चौघं अजून तिथे बसलेले असणार होते.