शोभेची बटणं

धामणगाव बढेजवळच्या आमच्या चौथीपर्यंतच्या शाळेला अखेर संगणक मिळाला. कपाशीच्या बियाण्याची कंपनी देणार म्हटल्यावर पुष्पांजली मॅडमनी वर्ग झाडून घेतला, टेबलावर चादर घातली. कंपनीचा माणूस ज्ञानेश्वर खोकं घेऊन आला. खोकं मोठं होतं, आतला संगणक मात्र मॅडमच्या डब्याएवढा निघाला.

जुन्या काळी परदेशात घरोघरी असायचा, त्या संगणकाचीच ही छोटी प्रतिकृती आहे, असं ज्ञानेश्वरने समजावलं. शाळेच्या टीव्हीला जोडायची, जॉयस्टिकचा दांडा धरायचा आणि साठ-सत्तर खेळ खेळायचे. गुण तर इतके होते की मॅडम थक्क झाल्या. वीज जेमतेम मोबाइलच्या चार्जरएवढी खातो, कपाटाच्या एका कोपऱ्यात मावतो आणि त्याला शिकवायला शिक्षकच लागत नाही. सरकारलाही याहून जास्त काय हवं असतं?

मुलं खेळावर तुटून पडली. त्यांचा आनंद खोटा नव्हता आणि मॅडमनाही बरं वाटलं. मग चौथीतल्या सफाची पाळी आली. मॅडमनी पुठ्ठ्यावर किबोर्ड काढून मुलांना अक्षरांच्या जागा शिकवल्या होत्या आणि सफाचं त्यावर पहिल्यापासून लक्ष. तिने दांडा बाजूला ठेवला आणि संगणकावरच्या बटणांवर बोटाने आपल्या नावातलं एकेक इंग्रजी अक्षर दाबलं. पडदा ढिम्म. तिने पुन्हा दाबलं.

"बटणं शोभेची आहेत," ज्ञानेश्वर म्हणाला.

पुठ्ठ्याचीही बटणं शोभेचीच होती, पण त्याची पावती कुणी मागितली नव्हती. ज्ञानेश्वरकडे पावती छापून तयार होती: 'विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी एक संगणक मिळाला.' खाली सही आणि वर मुलांसकट फोटो. इथे मॅडमचा हात थांबला. खऱ्या तीन संगणकांसाठीचा त्यांचा अर्ज वरच्या कार्यालयात दोन वर्षं पडून होता, आणि ज्या शाळेत एकही संगणक नाही तिला आधी मिळणार, असा नियम होता. सही केली की शाळेत एक संगणक आला आणि अर्ज गेला.

शाळा समितीचे अध्यक्ष कडूबा तोवर कोपऱ्यात गुपचूप बसून होते. त्यांच्या शेतात अजून या कंपनीचीच पाटी उभी होती, कपाशीची पराटी मात्र उपटून झाली होती.

"मॅडम, म्याबी सही देल्ली होती," ते म्हणाले. "पीक लय चांगलं हाय म्हून. पराटी हिरवीगार होती तवा. मंग बोंडं फोडली तं आत गुलाबी अळ्या. तक्रार घेऊन गेलो, तं माहीच सही मले दाखवली."

ज्ञानेश्वर पंख्याकडे पाहू लागला. पंखाही बंदच होता.

मॅडमनी छापील ओळीवर काट मारली आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'एक खेळणे मिळाले. मुलांना आवडले. यावर नाव लिहिता येत नाही.' खाली सही ठोकली.

असली पावती साहेबांपुढे ठेवता येणार नाही, माझी नोकरी जाईल, असं ज्ञानेश्वर काकुळतीला येऊन म्हणाला. मॅडम हटल्या नाहीत. त्याने वायरी गुंडाळल्या, संगणक खोक्यात घातला आणि गाडीला किक मारली. कडूबांनी मॅडमना हात जोडले. मुलांनी मात्र मॅडमकडे असं पाहिलं, जणू त्यांनीच चोरी केली होती.

"मॅडम, खेळनंच होतं तं राहू द्याचं ना," सफा म्हणाली. "आमी खेळलो असतो."

अर्ज शाबूत राहिला होता. फार लवकर मंजूर झाला तरी संगणक यायला पुढचा जून उजाडणार होता, आणि तोवर सफा या शाळेतून गेलेली असणार होती. मॅडमना स्वतःचाच राग आला. त्यांनी पोरीला जवळ ओढलं, पण ती अंग चोरून उभी राहिली.