हर्षलाचा पहारा

या मायबापांनो, जरा पुढं सरकून बसा. साजगावाकडच्या जनीची आणि तिच्या लेकीची गोष्ट ऐकवायची आहे.

जनीनं नवस बोलला होता: हर्षला बारावीला चांगल्या मार्कांनी निघू दे, सप्ताहात पोर रोज पहाटेचा पहारा देईल. अखंड सप्ताहात नाम थांबत नाही, वीणा भुईला टेकत नाही; माणसं टाळ घेऊन पाळीपाळीनं उभी राहतात, तो पहारा. औंदा सप्ताह नेमका परीक्षेतच आला. पोर रात्री उशिरापर्यंत पुस्तकात आणि पहाटे देवळात. पेंगली की जनी पाठीवर हात ठेवून हलवायची. लेक जागते ते देवाला दिसतंय, एवढीच तिची भोळी समजूत.

त्या दुपारी हर्षला खोपोलीहून जीवशास्त्राचा पेपर देऊन आली आणि पायरीवरच बसली. नर्सिंगला जायचं तर हाच विषय मोलाचा. प्रश्न वाचता वाचता तिचा डोळा लागला होता. वर्गावरच्या बाईंनी खांदा हलवला तेव्हा पेपर गोळा व्हायची वेळ आली होती.

"आई, मला येत होतं गं सगळं," ती म्हणाली. रडली नाही. जनीला तेच जास्त लागलं.

जनी तशीच देवळात गेली. वीणेकरी कोंडाजीबुवा नुकतेच जेवून बसले होते. नवस मोडला तर देव कोपेल का, असं तिनं विचारलं.

बुवा आधी हसले. "मी पहाऱ्यात पेंगतो, तवा कुणीतरी गपचूप माझ्या गळ्यातली वीणा घेतो. देव अजून रागावला नाय." मग हळूच म्हणाले, "शेजारती म्हणून देवाला आपण रोज निजवतो. आन् पोरीला उभी ठेवलीस व्हय गं?"

"नवस माझा हाय, बुवा."

"मंग पाय बी तुझेच असू दे."

"आन् गेलेला पेपर?"

बुवांनी कोपऱ्यातला टाळ उचलून तिच्या हाती दिला.

दुसऱ्या पहाटे जनी दार न वाजवता एकटीच निघाली. हर्षला गाढ झोपली होती. पुढचा पेपर रसायनशास्त्राचा. जनी लेकीच्या जागी टाळ घेऊन उभी राहिली. मुखात नाम होतं, पण डोळ्यांपुढून लेकीच्या पेपरातली कोरी पानं हलत नव्हती.

निकाल अजून लागायचाय. तोवर तुमचं लेकरू पुस्तकावर डुलायला लागलं, तर त्याला हलवायच्या आधी जनीच्या हर्षलाची आठवण करा, एवढंच मागणं.