बसलेला नंदी

बेसा भागातल्या बागेत सुशील लाकूड कोरायला फुकट शिकवायचा. शिकणाऱ्यांत साठी ओलांडलेल्या एकट्या भागीरथाबाई. त्यांचा जन्म वावरात गेला, त्यांनी बैल हाकले, पण पोळ्याला बैल मिरवायचा मान घरच्या पुरुषांचा. यंदा मात्र पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मुलांच्या तान्ह्या पोळ्यात, नात खुशी मिरवेल तो लाकडी नंदी आपल्याच हातचा, असं त्यांनी सोसायटीभर सांगून ठेवलं होतं.

"बाईच्या हातचा बैल चालते काय?" शेजारचे गोपाळराव हसले होते. "लाटणं कोरा वं, लाटणं!"

आणि तान्हा पोळा उद्यावर आला असताना, शेवटचा हात फिरवताना, नंदीचा पुढचा पाय कटकन मोडला. चूक त्यांचीच. सागाच्या सुंदर रेषा पाठीवर लांब दिसाव्यात म्हणून त्यांनी हट्टानं ठोकळा आडवा धरला होता. त्याच रेषा पायांत आडव्या आल्या नि पाय कच्चे राहिले.

"चिकटवून देऊ, काकू," सुशील म्हणाला.

"लंगडा बैल पोळ्यात नेऊ? नाई गा."

भागीरथाबाईंनी मोडका पाय बाजूला ठेवला. मग करवत उचलली आणि उरलेले तिन्ही पायही उडवले.

"काहून कापून राहिल्या, काकू?"

"बसवून राहिली त्याले."

पोट जाडच ठेवलं होतं, त्यात अजून पुष्कळ लाकूड होतं. दिवेलागणीपर्यंत त्यातून दुमडलेले गुडघे निघाले.

दुसऱ्या दिवशी बागेत सजवलेल्या नंद्यांची रांग लागली. चाकांच्या फळीवरचा भागीरथाबाईंचा नंदी दिसताच गोपाळराव ओरडले, "अरे, ऐन पोळ्यात बैल बसला!"

बाग खदखदून हसली. खुशीनं मान खाली घातली. भागीरथाबाईंचा आवाज खणखणीत निघाला.

"काहो गोपाळराव, महादेवासमोरचा नंदी कधी उभा पाहिला काय तुम्ही?"

हसू जागच्या जागी विरलं. एक म्हातारी पुढे आली, नंदीला कुंकू लावलं आणि देवळात सांगतात तशी मनातली इच्छा त्याच्या कानाशी वाकून पुटपुटली. तिच्यामागे दुसरी आली. बघता बघता माणसांचीच रांग लागली. उभे नंदी आपले उभेच राहिले.

सगळ्यांत शेवटी, इकडेतिकडे बघत, गोपाळराव नंदीच्या कानाशी वाकले.

"मोठ्यानं बोला जी," भागीरथाबाई म्हणाल्या, "सागाचे कान जाड असतेत!"

गोपाळरावांनाही हसू फुटलं. खुशीनं दोरी ओढली, आणि बसल्या बसल्या नंदी रांगेच्या पुढे निघाला.