तासाभराचं घर

घर अगदी लख्ख होतं. साडेतीन वर्षांनंतर कालिंदीताई कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या आपल्या फ्लॅटमध्ये पाऊल ठेवत होत्या. मनातून त्यांनी बुरशीचा वास, गंजलेले नळ, कपाटामागे वाळवी अशा सगळ्याची तयारी केली होती. पण फरशीत तोंड दिसत होतं. नवऱ्याची, गजाननरावांची पुस्तकंसुद्धा कुणीतरी पुसून, मध्ये डांबरगोळ्या ठेवून लावली होती.

देखभाल कंपनीचा अनीश सगळं फिरून दाखवत होता. "दर आठवड्याला नळ सोडतो, मॅडम. खिडक्या उघडतो, गाद्यांना ऊन देतो. आणि प्रत्येक वेळी सलीलसरांना फोटो पाठवतो."

"छान ठेवलंय हो," कालिंदीताई म्हणाल्या आणि ते खरंच होतं. तरी पर्स ठेवायला टेबलापाशी गेल्यावर त्या उगाच घुटमळल्या. हॉटेलात उतरल्यासारखं वाटत होतं.

अनीश गेल्यावर तोंडावर पाणी मारून त्या खालच्या मजल्यावर शोभाकडे निघाल्या. शोभा सान्याल तीस वर्षांपासूनची शेजारीण. तिचे यजमान मागच्या थंडीत गेले आणि ही बातमी कालिंदीताईंना कळली ती महिन्याभराने, तीही तिसऱ्याच कुणाकडून. लगेच फोन केला होता, पण शोभा 'हो', 'नाही' एवढंच बोलली होती.

त्या अबोल्याचं कारण कालिंदीताईंना ठाऊक होतं. गजाननराव वारले आणि मुलगा सलील कालिंदीताईंना पुण्याला घेऊन गेला, तेव्हा घराची किल्ली त्यांनी शोभाच्याच हातात दिली होती. ती झाडांना पाणी घालायची, पंखे फिरवायची, रविवारी फोन करून घरची आणि गल्लीची खबर द्यायची. दोन वर्षं सुरळीत चाललं. मग ऑफिसच्या कामाने सलील कोलकात्याला आला आणि न कळवता घरी गेला. पलंगावरची चादर चुरगळलेली, उशीला खळगा, मोरीत चहाचा कप.

"आई, घरात कुणीतरी झोपतं," त्याने तिथूनच फोन केला. "शोभामावशीला विचारलं, तर म्हणते, 'जरा पडले होते.' हे बरं नाही. उद्या ती आणखी कुणाला आणून ठेवील. रीतसर पैसे देऊन माणसं ठेवू. निदान जाब तरी विचारता येतो."

शोभा कुणाला आणून ठेवणारी नव्हे, हे कालिंदीताईंना पक्कं माहीत होतं. पण सलीलच्या घरात राहून सलीलशी वाद घालायचा त्यांना कंटाळा आला. आणि खरं सांगायचं तर आपल्या पलंगावर कुणी झोपतं हे त्यांनाही खटकलंच होतं. संध्याकाळी त्यांनीच शोभाला फोन केला. "तुला उगाच त्रास, गं. आता कंपनीच बघेल." पलीकडून शोभा म्हणाली, "ठीक आहे, दीदी." तेव्हापासून रविवारचा फोन बंद झाला होता.

दार शोभानेच उघडलं. केस पार पांढरे झाले होते. आत टीव्ही मोठ्याने चालू होता, समोर कुणीच नव्हतं.

"या, दीदी." तिने टीव्ही बंद केला नाही, आवाज तेवढा कमी केला. बिनदुधाचा चहा आणला. दोघी बंगालीतून बोलू लागल्या. गुडघे, नातवंडं, महागाई असे विषय झाले. मग कालिंदीताईंनी विचारलं, "सान्यालबाबू घरीच गेले का गं? झोपेत?"

"घरी नाही." शोभाने कप खाली ठेवला. "मी त्यांना बारुईपूरकडे एका संस्थेत ठेवलं होतं."

सान्यालबाबूंना विस्मृतीचा आजार होता, पण शोभा त्यांना कधी बाहेर ठेवील असं कालिंदीताईंच्या स्वप्नातही आलं नसतं.

"दिवसरात्र ओरडायचे, दीदी. मला ओळखायचे नाहीत. घरात चोर शिरलाय म्हणून माझ्या अंगावर यायचे. दुपारी त्यांना सांभाळायला आया यायची, तेवढा एक तास मला मिळायचा. त्या तासात कुठे जायचं? बाजारात बसू? मी तुमच्या घरी जायचे. दार लावून घ्यायचे. कुणी हाक मारत नाही, एवढंच. कधी डोळा लागायचा. उठून चहा करून प्यायचे आणि खाली यायचे. मग रात्रीपर्यंत निभायचं."

"मला बोलली का नाहीस?"

"काय बोलू? नवऱ्याचा आवाज सहन होत नाही, म्हणून तुमच्या घरात लपते?" ती किंचित हसली. "सलीलने विचारलं तेव्हा आया शेजारी उभी होती. तिच्यासमोर जीभच रेटली नाही."

टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. शोभा तिकडे बघत बोलत राहिली.

"तुमची किल्ली गेल्यावर मी जिन्यात बसायचे. पण जिन्यात त्यांची हाक ऐकू येते. एके दिवशी त्यांनी भाताचं ताट फेकलं आणि माझा हात उठला. त्यांच्या गालावर. ते गप्प झाले, लहान मुलासारखे. त्याच संध्याकाळी मी मुलाला फोन केला, म्हटलं, यांना माझ्यापासून दूर ने. तिथे चांगलं बघायचे. वेळेवर औषध, स्वच्छ कपडे. पण त्यांनी खाणंच सोडलं."

कालिंदीताईंची नजर वर छताकडे गेली. आपल्या रिकाम्या घरातला एक तास. वर तर चोवीस तास नुसते पडून होते.

"शोभा, मी सलीलला सांगते. कंपनी बंद करू. किल्ली तूच ठेव."

"आता कशाला, दीदी?" तिच्या आवाजात राग नव्हता. "आता इथेच इतकं शांत असतं की दिवसभर टीव्ही लावून ठेवते. वर जाऊन काय करू?"

कालिंदीताईंनी तिचा हात हातात घेतला. शोभाने तो सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही. थोड्या वेळाने ती कप उचलून आत गेली.

त्या आठवड्यात कालिंदीताई रोज खाली जात राहिल्या. शोभा चहा करायची, बोलायची, एकदा तर पोस्तोची, खसखशीतली भाजीही वाढली. पण वर या म्हटलं, की गुडघ्याचं निमित्त सांगायची. सलीलचा फोन आला, "मग? कंपनीचं काम पसंत आहे ना?"

"काम चोख आहे," कालिंदीताई म्हणाल्या. मग त्यांनी त्याला शोभाची सगळी हकीकत सांगितली. "मला काय माहीत, आई," तो म्हणाला. तेही खरंच होतं. माहीत करून घ्यायचं काम कालिंदीताईंचं होतं. एक साधा प्रश्न, 'शोभा, बरी आहेस ना?' तेवढा त्यांनी विचारला नव्हता.

निघायच्या सकाळी अनीश किल्ली घ्यायला आला. कालिंदीताईंनी ती त्याला दिली, कारण द्यायला दुसरं कुणीच उरलं नव्हतं.