अकरा सेकंद

नवीला वर्तमानपत्रात नोकरी लागली तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला. “नाव छापून येणार ना?”

बाबा विमा कंपनीत होते. तिथे माणसाचं नाव फार जपतात, पण मुख्यतः तो गेल्यानंतर. मुलीने पत्रकार व्हायचं खूळ डोक्यात घेतलं तेव्हा त्यांनी आदळआपट केली नाही, मुदत घातली. सहा महिन्यांत नाव दिसलं नाही तर विम्याची परीक्षा द्यायची. वर्तमानपत्राची अटही नेमकी तीच निघाली. सहा महिने उमेदवारी, तेवढ्यात स्वतःच्या नावाने एक तरी बातमी, मग कायम. दोन्हीकडून एकच मुदत असल्यामुळे लक्षात ठेवायला सोपं होतं.

कार्यालयात तिला सगळे ‘नवी’ म्हणत. तिच्यानंतर कोणीच लागलं नसल्यामुळे पाच महिन्यांनीही ती नवीच होती. तिच्याकडे ‘वाचकांची पत्रं’ हे सदर होतं. ते सोपवताना मुख्य उपसंपादक अण्णांनी तिला रिकामा ट्रे दाखवला.

“यात पत्रं कुठायत, अण्णा?”

“येत नाहीत. चार वर्षं झाली. लोकांनी लिहिणंच सोडलंय.”

“मग सदर बंद का नाही करत?”

“सदर बंद केलं तर तिथे जाहिरात घालावी लागेल, आणि जाहिरातीही येत नाहीत. पत्रं निदान लिहिता तरी येतात.”

चार वर्षं अण्णा स्वतःच पाच वाचक होते. एक त्रस्त गृहिणी, एक जागरूक नागरिक, एक निवृत्त शिक्षक, एक विद्यार्थी आणि एक ‘आपला नम्र’. नम्र सहसा कडक लिहायचा. “गृहिणीला राजकारण द्यायचं नाही,” अण्णांनी बजावलं. “तिला झेपतं, साहेबांना झेपत नाही.” साहेब म्हणजे संपादक.

नवी दुपारपर्यंत पाच वाचक व्हायची आणि दुपारनंतर बातम्या लिहायची. तिच्या चौदा बातम्या अण्णांनी परत केल्या होत्या. पंधरावी इस्पितळासमोरच्या सिग्नलची होती. पायी चालणाऱ्यांसाठी हिरवा दिवा लागतो आणि म्हातारी माणसं रस्त्याच्या मध्यावर पोचेपर्यंत विझतो, मग ती दोन बसच्या मध्ये उभी राहून इस्पितळाकडे बघत बसतात. नवीने जाता जाता मनातल्या मनात मोजलं होतं. नऊ सेकंद.

“सिग्नल बदलतो ही काय बातमी झाली?” अण्णा म्हणाले. “बदलत नसता तर गोष्ट वेगळी.”

बातमी वाया जाऊ नये म्हणून तिने ती निवृत्त शिक्षकाच्या अंगात घातली. ‘नऊ सेकंदांत मी अर्धाच रस्ता ओलांडू शकतो. उरलेला अर्धा कधी ओलांडायचा?’ खाली सही, एक निवृत्त शिक्षक. आठ दिवसांनी नगरपालिकेचा खुलासा आला. पत्राची गंभीर दखल घेऊन वेळ पंचवीस सेकंद करण्यात आली आहे. नवीच्या खऱ्या नावाने जे पंधरा वेळा जमलं नव्हतं ते एका नसलेल्या शिक्षकाने एका दमात करून दाखवलं. अण्णा तिच्या टेबलाशी येऊन गेले. “शिक्षक चांगला जमतो तुला,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो शिक्षक आला.

सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, गळ्यात दोरीला लटकवलेलं स्टॉपवॉच. ते थेट नवीसमोर बसले. “पत्र छापलंत, आभारी आहे,” म्हणाले. “पण काटछाट फार केलीत हो. मी चार पानं लिहिली होती, तुम्ही सहा ओळी ठेवल्यात.”

नवीने रिकाम्या ट्रेकडे पाहिलं. “तुम्ही… पत्र पाठवलं होतंत, सर?”

“पाठवलं काय, स्वतः आणून टाकलं. अकरा वेळा. शाळेत चाळीस वर्षं खेळ शिकवले, चिकाटी आहे. आणि दुसरं, तुम्ही नऊ छापलंत. मी अकरा लिहिलं होतं. तीन दिवस मोजलंय, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. नऊ कुठून काढलंत?”

“कुठे टाकलंत पत्र?” नवीने विचारलं.

“कुठे म्हणजे? तुमच्या दारातल्या पेटीत.”

दारात पेटी होती. सायकलस्टँडच्या मागे, पाठीला भिंत आणि पोटाला कुलूप. रोज सगळे तिच्यावर हेल्मेट ठेवत. जुना रखवालदार चार वर्षांपूर्वी निवृत्त झाला तेव्हा किल्ली त्याच्या जुडग्यात गेली. नव्याला कोणी सांगितलं नाही, आणि वरच्या मजल्यावर पत्रं येईनाशी झाली. तेव्हा बातमीदारांच्या त्या कार्यालयाने ती पेटी एकदाही न उघडता निष्कर्ष काढला की लोकांनी लिहिणं सोडलं.

नवीने कुलूपवाला आणला. पेटी उघडली तेव्हा पत्रं पडली नाहीत, इतकी ती एकमेकांत दाबून बसली होती. सर वाकून स्वतःची अकरा ओळखून काढत होते. अण्णा जिन्यात उभे होते. एक त्रस्त गृहिणी खरोखरच त्रस्त होती, आणि राजकारणावरच लिहीत होती. तिचं पत्र अण्णांनी हातात घेऊन दोनदा वाचलं.

नवीने त्याच संध्याकाळी बातमी लिहिली आणि थेट साहेबांना नेऊन दिली. मुदतीला पाच दिवस उरले होते.

साहेबांनी शांतपणे वाचली. “छान लिहिलंय. छापता येणार नाही.”

“का, सर?”

“आपण बातमी देतो. आपण बातमी नसतो.”

“मग माझी बातमी…”

“दुसरी आण. पाच दिवस आहेत की.”

नवी जागेवर येऊन बसली. सदराचं पान उद्याचं होतं आणि ते छापण्याआधी कोणी वाचत नसे. चार वर्षांत तशी गरज पडली नव्हती. तिने सरांचं चार पानी पत्र अख्खं लावलं. उरलेल्या जागेत एक लहान पत्र बसत होतं. तिने लिहिलं, की अमुक तारखेचं पत्र शिक्षकांचं नव्हतं, माझं होतं. नऊ सेकंद हा आकडा चुकीचा होता, मी नीट मोजला नव्हता, बरोबर आकडा अकरा. आणि आलेली पत्रं आम्ही चार वर्षं उघडली नव्हती. खाली कुठलीच गृहिणी नव्हती, नम्र नव्हता. खाली तिचं नाव होतं, आडनावासकट.

सकाळी बाबांनी चहा थंड होऊ दिला. ते पेपरात फक्त पत्रं वाचायचे, हे तिला त्या दिवशी कळलं.

“नाव आलंय,” ते म्हणाले.

“बातमीवर नाही आलं, बाबा. आणि नोकरी बहुतेक जाईल.”

“मी कुठे म्हटलं होतं बातमीवर?” त्यांनी पान घडी करून विम्याच्या फायलीत ठेवलं. “परीक्षेचा अर्ज मात्र भरून ठेव. अर्जाला काय जातंय.”

साहेबांनी तिला बोलावलं तेव्हा अण्णा आधीच तिथे उभे होते, शाळेत उभं करतात तसे. टेबलावर सकाळपासून आलेली सतरा पत्रं होती.

“न विचारता छापलंस,” साहेब म्हणाले. “त्यासाठी उमेदवारी तीन महिने वाढवली. कायम आत्ता नाही.”

“हो, सर.”

“पेटीची किल्ली आता तुझ्याकडे. आणि नगरपालिका पंचवीस सेकंद म्हणाली, ते कोणी बघितलं का?”

अण्णांनी छताकडे पाहिलं.

“जा, बघ. तुझ्या नावाने घेऊ. त्या सरांना सोबत ने.”

इस्पितळासमोर सर आधीच उभे होते, घड्याळ हातात. दिवा हिरवा झाला. काठी टेकत एक बाई निघाली, मध्यावर पोचली, चार पावलं पुढे गेली, आणि दिवा विझला. बसने हॉर्न दिला.

“सोळा,” नवी म्हणाली, आणि वही उघडून लिहायला लागली. “पंचवीस नाहीच, सर! सोळा! बातमी झाली!”

सरांनी वहीवर हात ठेवला. “किती वेळा मोजलंस?”

“एकदा.”

“हं,” सर म्हणाले, आणि घड्याळ तिच्या गळ्यात अडकवलं. “उद्या सकाळी ये. मग दुपारी. मग संध्याकाळी. परवा पुन्हा.”

नवीने सोळा खोडला नाही. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढच्या हिरव्या दिव्याची वाट बघत उभी राहिली.