आधी मागचा आकडा बघा

“आणि तीन नंबरचं व्हर्जन कुठे गेलं?” तळटीपबाईंनी विचारलं.

बैठकीच्या खोलीत भिंतभर पडद्यावर नवीन पोर्टल उघडलेलं होतं. मधोमध एक पांढरी चौकट आणि तिच्यात फिक्या अक्षरांत ‘काय शोधताय?’ एवढंच. कंपनीची चार सॉफ्टवेअरं, प्रत्येकाच्या कितीतरी आवृत्त्या, आणि त्यांची माहिती आजवर चार ठिकाणी चार तऱ्हांनी विखुरलेली. विखुरलेली असणारच, कारण ही कंपनी मुळात एक नव्हतीच. एका मोठ्या माशाने तीन लहान मासे गिळले होते आणि लहान माशांच्या पुस्तिका त्याच्या पोटात न पचता तशाच पडल्या होत्या. त्या सगळ्या आता या एका चौकटीमागे आल्या होत्या, आणि वर्षभर खपून त्या आणल्या होत्या बाईंनीच.

बाईंना खरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या कागदावर यायचं. कुठलंही पान लिहिलं की त्याखाली एक तळटीप टाकल्याशिवाय त्यांचा हात थांबत नसे. ‘मात्र यंत्र ओलं असल्यास असे करू नये’, ‘दोनदा दाबूनही उघडले नाही तर तिसऱ्यांदा दाबू नये’ अशा त्या टिपा. हाताखालच्या मुलींनी कधीतरी चिडवायला तळटीपबाई म्हटलं आणि ते चिकटलं. बाईंना त्याचं वाईट वाटत नसे. त्याहून वाईट नावं असलेली माणसं त्या कचेरीत होती.

साहेबांचंच घ्या. नवे साहेब दर बैठकीत “ग्राहकाला एकच दार हवं” असं म्हणत, म्हणून पाठीमागे त्यांना सगळे एकदार म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. चहा स्वतः आणून द्यायचा, कुणाचं पोर आजारी असलं तर आठवणीने विचारायचा. फक्त त्या दारापायी वेडा झाला होता.

“तीनचा सपोर्ट संपला ना, बाई,” साहेब म्हणाले. “पान दिसलं की गिऱ्हाईकाला वाटतं, मदतही मिळणार. शेवटची दोनच व्हर्जन दाखवायची, वरून ठरलंय.”

“संपला हे आपल्याला माहीत. फ्रिजला कुणी कळवलंय का?”

खोलीत हसू पिकलं. साहेबही हसले आणि पुढच्या पानावर गेले.

बाई हसल्या नाहीत. त्या ज्या लहान माशाच्या पोटातून इथे आल्या होत्या, तो दवाखान्यांत रक्ताच्या पिशव्या ठेवायच्या फ्रिजची सॉफ्टवेअरं करायचा. आतला गारवा कमी झाला की फ्रिज कोकलू लागतो. पाचव्या आवृत्तीत लाल कळ दाबून धरली की आवाज थांबतो, आणि गारवा परत आला नाही तर थोड्या वेळाने फ्रिज आपला आपण पुन्हा ओरडतो. तिसऱ्या आवृत्तीतही कळ तीच, लालच, जागाही तीच. पण ती दाबून धरली की गजर कायमचा झोपतो. आपण उठवेपर्यंत आत रक्त कोमट झालं तरी फ्रिज तोंडातून ब्र काढत नाही.

आणि पोर्टलची सगळ्यात मोठी ऐट ही होती की मजकूर एकदा लिहायचा आणि तो लागेल तिथे सगळीकडे आपोआप दिसायचा. ‘गजर थांबवणे’ हा परिच्छेद असाच एकुलता एक होता. तो पाचव्या आवृत्तीचा होता आणि लिहिला होता बाईंनी. कुणीही, कुठल्याही फ्रिजसमोर उभं राहून ‘गजर’ असं शोधलं की आता तोच पुढ्यात येणार होता.

बाई जागेवर परतल्या तेव्हा त्यांच्या टेबलावरचा फोन वाजत होता. सगळ्या मजल्यावर तारेचा फोन एवढा एकच उरला होता. लहान माशाच्या काळात सगळी कंपनी एका खोलीत मावायची आणि बाईंनी फ्रिजच्या प्रत्येक पानाच्या तळाशी ‘अडलं तर फोन करा’ म्हणून स्वतःच्याच टेबलाचा नंबर छापला होता. कंपनी बदलली, इमारत बदलली, पण नंबर बाईंनी हट्टाने बरोबर आणला. नव्या पोर्टलवर कुठलाच नंबर नव्हता. तिथे एक खिडकी होती, तिच्यात प्रश्न लिहायचा, मग यंत्र फार अदबीने दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं.

“बाई, मी रक्तपेढीतली सिस्टर बोलतेय. मागे एकदा फोन केला होता बघा.”

“बोला, सिस्टर.”

“तुमचं नवीन पोर्टल आम्हाला ट्रायलला दिलंय ना. छान आहे हो, लगेच सापडलं. फ्रिज ओरडत होता, लिहिलंय तशी कळ धरली, आवाज गेला.”

“बरं झालं.”

“नाही, पण परत वाजलाच नाही. पानावर लिहिलंय की गार झालं नाही तर परत वाजेल. म्हणजे गार झालं असंच समजायचं ना?”

बाई बसत होत्या त्या अर्ध्यावरच थांबल्या.

“सिस्टर, फ्रिजच्या पाठीमागे एक पत्र्याची पट्टी आहे. तिच्यावर आकडा काय आहे तेवढं बघून सांगा.”

काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. मग दुरून उत्तर आलं, “तीन.”

“आता पुढे येऊन तापमानाचा काटा बघा.”

पुन्हा काहीतरी सरकल्याचा आवाज आला.

“अगं बाई. खूप वर गेलाय. दार नीट लागलंच नव्हतं वाटतं.”

“घाबरू नका. पिशव्या आधी दुसऱ्या फ्रिजमध्ये हलवा. मग हे दार दाबून लावा आणि तीच कळ दोनदा पटपट दाबा. टिक असा आवाज आला पाहिजे, म्हणजे गजर जागा झाला.”

बाईंनी फोन कानाला लावून वाट पाहिली. पलीकडे पावलांचे, दारांचे आवाज येत होते. अखेर सिस्टर म्हणाली, “आला. टिक आला. वरच्या खणातल्या पिशव्या वेगळ्या ठेवते, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय द्यायच्या नाहीत.” आणि मग जरा हळू आवाजात म्हणाली, “मी तर जेवायला निघाले होते हो. म्हटलं, शांत झालाय फ्रिज.”

फोन ठेवल्यावर बाईंना राग आला. राग असा की कुणावर काढावा ते कळेना, कारण पान तर त्यांनीच लिहिलं होतं. वाक्यात एक काना-मात्रा चुकीची नव्हती. फक्त ते भलत्याच फ्रिजसमोर जाऊन उभं राहिलं होतं.

त्या तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेबांनी सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा खरोखरच उतरला. मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि तो परत जागेवर बसवला.

“वाईट झालं असतं, पण झालं नाही ना? उद्या संचालक येतायत, लाँच आहे. पुढच्या फेरीत बघू.”

“पुढच्या फेरीपर्यंत फ्रिज उघडायचे नाहीत, असं सांगायचं का सगळ्यांना?”

“बाई, विक्रीवाल्यांचं म्हणणंही समजून घ्या. जुनं अडलं तरच लोक नवीन घेतात.”

“मला तीनची सगळी पानं नकोत. एक वाक्य घालू द्या. आधी मागचा आकडा बघा, तीन असेल तर ही कळ दाबू नका, फोन करा. एवढंच.”

“नाही. ते लिहिलं म्हणजे तीन अजून चालू आहे हे आपणच कबूल केलं.”

“चालूच आहे. आत्ता बोलून आले मी त्याच्याशी.”

साहेबांनी आवाज खाली आणला. “उद्यापासून पोर्टलप्रमुख तुम्ही. पत्र तयार आहे. स्वतंत्र खोली, दारावर पाटी. आता ऐन वेळी घोडं अडवू नका.”

खोटं कशाला सांगा, बाईंना ती पाटी हवी होती. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कर्तबगारीखाली तळटिपा लिहिल्यावर एकदा तरी आपलं नाव वर, मोठ्या अक्षरांत, दारावर यावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. खोलीच्या खिडकीत कुठली कुंडी ठेवायची तेही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि गॅसवरचं दूध खाली उतरवता उतरवता म्हणाला, “पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? तू नाही केलंस तर दुसऱ्या कुणाला बसवतील. पान तर तेच राहणार.”

“राहू दे. माझ्या हाताने राहायचं नाही.”

“हात तुझा की त्यांचा, त्या सिस्टरला काय फरक पडतो?”

नवऱ्याचं हे असं असायचं. नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवायचा आणि मग दुधाकडे लक्ष द्यायचा.

सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. जन्मभर त्यांनी एका दवाखान्याच्या धुलाईखात्यात चादरी मोजून घेतल्या होत्या. सुनेशी त्यांचं दिवसाला एकदा तरी वाजायचं, पण बाहेरच्या कुणी तिला बोललेलं त्यांना खपत नसे.

“त्या पानाखाली नाव असतं का गं कुणाचं?” त्यांनी विचारलं.

“असतं. कुणी लिहिलं, कुणी बदललं, कुणी काढलं, सगळ्याची नोंद राहते. नाव दिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. तशी सोय मीच करून घेतलीय.”

“मग झालं तर. आमच्या खात्यात फाटकी चादर वॉर्डात जाऊ द्या म्हणायला सगळे पुढे. सही करा म्हटलं की एकेकाचं पोट दुखायचं.” सासूबाईंनी एक शेंग बोटाने उकलली. “आणि तू दाणे खाऊ नकोस, भाजीला उरायचे नाहीत.”

बाई हातातले दाणे तसेच धरून बसल्या. मग त्यांना हसू आलं.

सकाळी कचेरीत येऊन त्यांनी पहिलं काम ते केलं. ‘गजर थांबवणे’ या परिच्छेदाच्या तळाशी नाही, तर डोक्यावर, ठळक अक्षरांत वाक्य घातलं: ‘आधी यंत्राच्या मागचा आकडा बघा. तो तीन असेल तर ही कळ दाबू नका. फोन करा.’ पुढे आपला नंबर. खाली आपलं पूर्ण नाव, बापाने ठेवलेलं आणि लग्नानंतर जोडलेलं. मग मंजुरीचं बटण दाबलं. एकदा लिहिलेला मजकूर सगळीकडे दिसतो, या पोर्टलच्या कीर्तीला जागून ते वाक्य फ्रिजच्या प्रत्येक पानावर जाऊन बसलं.

चोरून काही करणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. त्या उठून साहेबांकडे गेल्या. तिथे विक्रीवाल्यांचे प्रमुखही बसले होते, नवा कोट घालून.

“मी ते वाक्य घातलंय,” बाई म्हणाल्या.

“मी नाही म्हटलं होतं,” साहेब म्हणाले.

“हो. म्हणून सांगायला आले. तुम्हाला काढता येईल, तुमच्याकडे अधिकार आहे.”

साहेबांनी पान उघडलं, वाक्य निवडलं, काढण्याची खूण दाबली. पडद्यावर चौकट आली. ‘काढणाऱ्याचे नाव’. खाली ‘काढण्याचे कारण’. रिकाम्या जागेत ती उभी रेघ लुकलुकत राहिली.

“लिहा ना,” विक्रीवाले म्हणाले.

“तुम्हीच लिहा. आग्रह तुमचा आहे.”

“माझं नाव कशाला? मी विक्रीतला माणूस. पानांचा आणि माझा काय संबंध?”

“काल तर पानांवर अर्धा तास बोलत होतात.”

“ते धोरण म्हणून बोललो.”

करून सवरून नामानिराळं राहणारी माणसं बाईंनी पुष्कळ पाहिली होती, पण इतक्या जवळून, इतक्या चांगल्या कोटात नव्हती पाहिली. त्या दोघांच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि वाट बघू लागल्या. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधतं ते त्यांनाही बघायचं होतं.

“सिस्टरचा नंबर आहे माझ्याकडे,” त्या शेवटी म्हणाल्या. “कारण काय लिहायचं ते सुचत नसेल तर तिला विचारू.”

साहेबांनी कळफलकावरचे हात काढले. मग त्यांनी ती चौकट तशीच बंद केली. बाईंकडे न बघता म्हणाले, “तुम्ही जा. संचालक येतील आता.”

लाँच झालं. संचालकांनी चौकटीत काहीतरी शोधलं, ते सापडलं, टाळ्या वाजल्या. त्यांच्यापैकी एकाने नेमका ‘गजर’ शोधला आणि वरचं वाक्य मोठ्याने वाचून म्हणाला, “हे चांगलं केलंत, काळजी दिसते.” साहेबांनी मान डोलावली. बाई मागच्या रांगेत होत्या. त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

पत्र मात्र मिळालं नाही. पोर्टलप्रमुख म्हणून दुसऱ्याच विभागातला एक मनुष्य आला, दारावर त्याची पाटी लागली, खिडकीत त्याची कुंडी आली. पाठोपाठ बाईंना निरोप आला, मजल्यावर जागा अपुरी पडते, तुमची व्यवस्था खाली जिन्याजवळच्या खोलीत केली आहे. त्या खोलीत जुने पडदे आणि मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या असत. बाईंना रडू आलं, ते त्यांनी स्वच्छतागृहात जाऊन रडून घेतलं, तोंड धुतलं आणि बाहेर आल्या.

सामान हलवायला शिपाई आला. त्याने खोकी उचलली आणि फोनकडे हात नेला.

“तो राहू दे. तो मी नेते,” बाई म्हणाल्या.

त्यांनी भिंतीतली तार काढली, फोनभोवती गुंडाळली आणि तो पोटाशी धरून जिना उतरू लागल्या. वाटेत साहेब वर येत होते. ते बाजूला झाले, भिंतीला चिकटून उभे राहिले.

“खाली लाइन आहे का?” त्यांनी विचारलं.

“काल बघून आलेय. आहे.”

बाई थांबल्या नाहीत.

खालच्या खोलीत त्यांनी त्यातल्या त्यात धड खुर्ची निवडली, टेबलावरची धूळ पदराने पुसली, ओणवं होऊन तार भिंतीत बसवली. त्या सरळ होतात न होतात तोच फोन वाजला. पलीकडे कुणीतरी अनोळखी माणूस धापा टाकत बोलत होता आणि त्याच्यामागे फ्रिज कोकलत होता.

“हो, हो, बरोबर ठिकाणी लागलाय फोन,” बाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या. “कळीला हात लावू नका. आधी मागे जा आणि आकडा बघून सांगा. मी आहे इथेच.”