जितके वर, तितके खाली

जंगल चौकीवरच्या नेगीने वही उघडली आणि पेनाचं टोपण दातांत धरून विचारलं, "छुमादीदी, किती जण?"

"बारा. अकरा यात्री आणि बारावी माझी संतोषी."

"आणि खाली किती येणार?"

छुमादेवी उत्तर देणार तेवढ्यात मागून गावचे मुखिया बख्तावर पधान बोलले. "खाली अकरा लिही. पोरगी कुंडावरून सासरी जाणार आहे. जावई पलीकडून घ्यायला येतोय. नंदामाईची पाठवणी आणि हिची पाठवणी एकाच मुहूर्तावर! सिरतोली गावाचं भाग्यच म्हणायचं."

गावाचं भाग्य आणि पोरीचं भाग्य एकच असतं असं मानणारी माणसं फार. पधान त्यांच्यातले मुकादम.

छुमा नेगीला म्हणाली, "खालचं खाली आल्यावर लिही." त्याने ती जागा कोरी ठेवली.

नवरा दरडीखाली गेला त्याला अकरा वर्षं झाली. त्याच्या काठीनिशी त्याचं कामही छुमाने उचललं. बाई काय वाट दाखवणार, म्हणून गाव हसलं होतं. पण चौंरीकुंडाच्या वाटेवर तिने आजवर जितकी माणसं वर नेली तितकीच खाली आणली. एका मेरठवाल्या लालाजीला तर पाठुंगळी आणलं, आणि लालाजी वजनाने काही कमी नव्हते.

ह्या वर्षी मात्र तिच्याच हाताने तिची लेक पोचती व्हायची होती. संतोषी आषाढात माहेरी आली ती उजवं मनगट मोडून घेऊनच. हाड सांधलं होतं, पण वाकडं. "गवत कापताना पडले," एवढंच तिने सांगितलं. आमच्या डोंगरात हे वाक्य बायकांना लहानपणापासून पाठ असतं. छुमाने ते मनगट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. उतारावरून पडलेली माणसं तिने कमी पाहिली होती का! पडणाऱ्याचे तळहात सोलतात, गुडघे फुटतात. मनगट असं मागे पिळलेलं तिने एकाचंही पाहिलं नव्हतं.

पंचायतीत मनगटावर कुणी बोललंच नाही. बोलणं झालं ते गावाच्या नाकावर. शेवटी पधान म्हणाले, "नवरा-बायकोत भांड्याला भांडं लागतंच. आणि छुमा, तुझ्या गाइडच्या परवान्याला आमच्या यात्रा समितीचं पत्र लागतं दरवर्षी. विसरू नकोस." छुमा त्या दिवशी मूग गिळून बसली. तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

आता पुढे ढोल, त्यामागे नंदामाईची डोली, डोलीमागे गाव, आणि शेवटी छुमाचे बारा. भाद्रपदातलं ऊन होतं. बायकांच्या पाठीवरच्या टोपल्यांत देवीसाठी काकड्या, मक्याची कणसं, चुडे, तुपात तळलेले अरसे. लेक सासरी निघाली की आई जे जे बांधून देते ते सगळं. नंदा आमची लेक. कैलास तिचं सासर. दरवर्षी तिला कुंडापर्यंत पोचवायचं, रडायचं, आणि डोली परत आणायची.

झाडं संपली, गवताळ माळ लागला तशी छुमाने काठी उभी धरून सगळ्यांना थांबवलं. "इथून पुढे शीळ घालायची नाही, ओरडायचं नाही. पऱ्या उचलून नेतात. श्वास लागला तर लाजायचं नाही, बसायचं. डोकं दुखलं तर मला सांगायचं, लपवायचं नाही."

"खरंच नेतात पऱ्या?" तनेजाबाईंनी विचारलं. दिल्लीच्या निवृत्त शिक्षिका, गुडघे कुरकुरणारे पण जीभ धारदार.

"माझं एकही माणूस पऱ्यांनी नेलं नाही, बाई. नेलं ते सासरच्यांनीच."

तनेजाबाई हसल्या. मग त्यांची नजर संतोषीच्या मनगटावर गेली आणि हसू तिथेच थांबलं.

चढावर मायलेकी थोड्या मागे राहिल्या. छुमाने विचारलं, "जायचंय तुला?"

संतोषी चालायची थांबली नाही. "दोन महिन्यांत हे कुणी विचारलंच नाही, आई. तूसुद्धा. आता एकदम काय सांगू?"

हे छुमाला जेवढं लागलं तेवढं कुणाच्या शिवीनेही लागलं नसतं. ती काठी टेकत पुढच्यांना गाठायला निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंड आलं. चार हजार मीटरवर ते लहानसं निळंशार पाणी, आणि पलीकडच्या काठावर जावई दिगपाल, त्याचे दोन भाऊ आणि एक खेचर. खेचरावर नवी लाल साडी घडी करून ठेवलेली. हात मोडला की साडी येते, असा त्या घरचा हिशेब असावा.

डोली शिळेवर टेकली. पंडितजींनी पाठवणीचं गाणं सुरू केलं, बायका रडायला लागल्या. डोली तीनदा मागे झुकली. लेकीचा पाय माहेरातून निघत नाही, म्हणून ती झुकते. खांदेकरी म्हणतात, आम्ही काही करत नाही, तीच ओढते. टोपल्या रिकाम्या झाल्या, काकड्या पाण्यात तरंगल्या. मग पधानांनी कुंकवाची वाटी उचलली. "चला, आता दुसरी लेक."

संतोषी उठली. आणि तिच्यासमोर छुमा उभी राहिली.

ती संतापाने थरथरत होती. वाऱ्याने डोक्यावरचं फडकं उडालं, केस सुटले. मोलूदास ढोलियाने ते पाहिलं आणि त्याचा हात सवयीने बदलला. देवीला अंगात बोलावायचा ठेका घुमायला लागला. "आली! माई आली!" बायका गुडघ्यांवर बसल्या. पंडितजी तांदूळ घेऊन धावले. पधानांनी टोपी काढली. पलीकडे दिगपालनेसुद्धा बूट काढून हात जोडले.

"बोल माते," पंडितजी म्हणाले, "का कोपलीस? काय हवंय तुला?"

छुमाची जाऊ बिंदुली तिच्या कानाला लागली. "हो म्हण, दीदी. देवी बोलतेय असं म्हण, की सुटली पोर."

खरंच सोपं होतं ते. दोन उड्या, एक किंकाळी, काम फत्ते. देवीपुढे ह्या डोंगरात पधान काय, पोलीससुद्धा वाकतो. पण छुमाला गोदांबरीची आई आठवली. पाच वर्षांपूर्वी लेकीला परत सासरी धाडू नये म्हणून ती अशीच ह्याच काठावर घुमली होती. गावाने ऐकलं, माफी मागितली, बकरा दिला. देवी शांत झाली म्हणून महिन्याभराने गोदांबरीला सासरी धाडलं. बकऱ्यावर भागतं ते देवीचं. आईचं भागत नाही.

"ढोल बंद कर, मोलू," छुमा म्हणाली.

ढोल थांबला.

"उठा सगळे. तांदूळ परत ठेवा, पंडितजी. माझ्या अंगात कुणी आलेलं नाही. ही मी बोलतेय, छुमा. रणजीतची बायको, संतोषीची आई. माझी पोर मी देणार नाही."

पधानांनी टोपी परत डोक्यावर चढवली. "देवी बोलली असती तर ऐकलं असतं. बाईचं कोण ऐकतो?"

"न ऐकून जाल कुठे? उतरायची वाट एकच आहे, माझ्यासोबतच उतराल," छुमा म्हणाली. "गोदांबरी कशी गेली, पधानजी?"

"सगळ्यांना माहीत आहे. गवत कापताना पाय घसरला."

"कुठल्या महिन्यात?"

पधान टोपी सारखी करायला लागले.

"माघात! कमरेएवढं बर्फ होतं डोंगरावर. कुठलं गवत कापत होती ती? आपण सगळे मयतीला गेलो, चहा प्यायलो, आणि एकानेही विचारलं नाही. मीही नाही. आता विचारतेय."

गोदांबरीची आई मागे बसली होती. तिने तोंडावर पदर घेतला नाही. सरळ पधानांकडे बघत राहिली.

छुमा लेकीकडे वळली. "तुला दोन महिने विचारलं नाही, चुकलंच माझं. आत्ता सगळ्यांसमोर विचारते. जायचंय?"

"नाही." संतोषीचा आवाज बारीक होता. तिने घसा खाकरला. "नाही जायचं. मी पडले नव्हते. त्यानं माझा हात पिरगळून दारात धरला आणि दार ओढलं."

"बायको माझी आहे!" दिगपाल पलीकडून ओरडला आणि बुटांत पाय कोंबून काठाकाठाने निघाला. वाट ओल्या, डगमगत्या धोंड्यांची. घाईत त्याचा एक पाय सटकला, तो चारी हातापायांवर आला.

"जपून, जावईबापू," छुमा म्हणाली. "इथे पडलात तर लोक म्हणतील, गवत कापताना पडले."

आधी बिंदुली हसली. मग तिच्या बाजूची. मग रडून डोळे सुजलेल्या सगळ्या बायका हसत सुटल्या, आणि चार हजार मीटरवर हसायला श्वास पुरत नाही म्हणून एकमेकींना धरून हसल्या. दिगपाल धोंड्यांवर ओणवाच राहिला. मारणाऱ्याला रडणं सोसतं, असं हसणं कुठून सोसणार! त्याच्या भावांनी खेचर वळवलं तेव्हा तोही वळला. तनेजाबाई तोवर संतोषीच्या शेजारी काठी रोवून उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे बाकीचे दहा.

"पुढच्या वर्षी पत्र मिळणार नाही तुला," पधान फणफणले.

"नका देऊ. वाट काय तुमच्या पत्राने पडलीय?" छुमाने केस बांधले. "आणि एक सांगा. नंदामाईला पोचवून तुम्ही डोली परत नेता, सहा महिने तिच्या मामाच्या गावी ठेवता. देवीला एवढं माहेर, आणि माझ्या पोरीला एवढंसुद्धा नाही?"

ह्यावर पंडितजींनी पधानांकडे पाहिलं, पधानांनी पंडितजींकडे. मोलूदासने कुणाला न विचारता परतीचा ठेका धरला. खांदेकऱ्यांनी डोली उचलली. ह्या वेळी ती हलकी लागली, असं ते पुढे वर्षभर सांगत होते. खरं-खोटं त्यांनाच माहीत.

तिसऱ्या दिवशी चौकीवर नेगी वही घेऊन तयारच होता. "खाली अकरा ना, दीदी?"

छुमाने काठीने एकेकाच्या बुटाला टिचकी मारत मोजलं. तनेजाबाई अकराव्या. शेवटची टिचकी तिने लेकीच्या चपलेला मारली.

"बारा."

नेगीने पधानांकडे पाहिलं. पधान डोंगराकडे बघत होते, जणू तो त्यांनी पूर्वी कधी पाहिलाच नव्हता.

"लिही ना," छुमा म्हणाली. "आणि नुसता आकडा नको, अक्षरात लिही. आकडा उद्या कुणीही खोडेल."

नेगीने पेन टेकवलं, तेव्हा संतोषीने ते त्याच्या हातून काढून घेतलं. मनगट वाकडं, त्यामुळे तिला वहीच तिरकी करावी लागली. वेळ लागला. मागचे यात्री उभे राहिले होते, कुणी घाई केली नाही. कोऱ्या जागेत तिने लिहिलं, बारा. अक्षर उताराला लागलं होतं, पण वाचता येत होतं.